सुपरहिरोची बायको : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या अंकातील जुन्या कॉमिक्सविषयीच्या टिपणात वेताळ (इंग्रजीतला 'फँटम', जंगलात राहणारा मुखवटाधारी नायक), सुपरमॅन आणि स्पायडरमॅन यांच्या बायकांचा ओझरता उल्लेख आला होता. टिपण नायकांविषयीचे होते. पत्रे मात्र जवळजवळ सगळी बायकांविषयीची आली, आणि त्यांतील बहुसंख्य पुण्यातून. त्यांपैकी पाच पत्रांतील प्रश्न, थोड्या संक्षेपाने, येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा जपून ठेवलेला गठ्ठा आहे. सुट्टीत आलेली माझी नात सध्या तो वाचते आहे. परवा तिने विचारले, "आजोबा, वेताळ गुंडांना मारतो, घोडा पळतो, कुत्रा चावतो, मग डायना काय करते?" ती त्याची बायको आहे, असे मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "ते कळलं हो, पण ती करते काय?" मला उत्तर सुचले नाही. पळवून नेले जाण्यापलीकडे सुपरहिरोच्या बायकोला कथेत काही काम असते काय?
एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड

उत्तर : नातीला प्रथम एवढे सांगावे की चावतो तो कुत्रा नसून लांडगा आहे, वेताळ स्वतःही ही दुरुस्ती वर्षानुवर्षे करीत आला आहे. बाकी तिचा प्रश्न इतका नेमका आहे की तो आपल्या पिढीने पन्नास वर्षांपूर्वीच विचारायला हवा होता.

डायना पामर वेताळाच्या अगदी पहिल्या कथेपासून आहे. ली फॉक यांची ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकेतील वृत्तपत्रांत सुरू झाली, आणि त्या पहिल्या कथेत समुद्री चाचे मागे लागलेली साहसी तरुणी म्हणून डायना येते. आपल्याकडे १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स निघाले तेही वेताळाच्याच कथेने, त्यामुळे पेठांमधल्या वाड्यांत वाढलेल्या एका पिढीच्या मनात सुपरहिरोची बायको म्हटले की डायनाच उभी राहते. वास्तविक ती बायको फार उशिरा झाली. लग्न लागले १९७७ मध्ये, म्हणजे पहिल्या कथेनंतर ४१ वर्षांनी, आणि त्या लग्नाला मॅन्ड्रेक जादूगारही हजर होता. पुढे १९७९ मध्ये जुळे झाले, किट आणि हेलोइस.

गंमत अशी की ज्याच्या कथेला लग्नाची सर्वांत अधिक गरज आहे असा सुपरहिरो वेताळच आहे. १५३६ पासून ही गादी बापाकडून मुलाकडे चालत आली आहे. बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो, आणि जगाला वाटत राहते की हा मरतच नाही. आपण वाचतो तो एकविसावा. मुलगा हवा तर लग्न हवे, म्हणजेच वेताळाच्या अमरत्वाची जी दंतकथा आहे तिच्या प्रत्येक पिढीमागे एक स्त्री उभी आहे, आणि तिच्याविषयी दंतकथेत चकार शब्द नाही. ज्या लेखकाने ही चारशे वर्षांची वंशावळ रचली त्यानेच आपल्या नायकाला चार दशके बिनलग्नाचा ठेवला, यामागे निव्वळ व्यवसायाचा हिशेब होता असे मला वाटते. लग्न लांबले की उत्कंठा टिकते, आणि रोज तीन-चार चौकटींत चालणाऱ्या मालिकेचे पोट उत्कंठेवरच भरते.

आता डायना करते काय? ती संयुक्त राष्ट्रसंघात काम करते, आणि ही नोकरी तिने लग्नानंतर सोडली नाही. सत्तरच्या दशकातील कॉमिकच्या मानाने ही गोष्ट लहान नव्हे. तरीही नातीला द्यायचे खरे उत्तर निराळे आहे. जंगलात अशी समजूत आहे की वेताळाचा उघडा चेहरा जो पाहील त्याला भयंकर मरण येते. वाचकालाही तो चेहरा कधी धड दिसत नाही. मुखवटा नसेल तेव्हा काळा चष्मा असतो, आणि चष्माही नसेल तेव्हा चित्रकार त्याला पाठमोरा तरी काढतो किंवा डोळ्यांवर सावली तरी टाकतो. डायना मात्र तो चेहरा रोज पाहते. म्हणजे गठ्ठ्यातले सगळे अंक पाठ असलेल्या वाचकाला जे ठाऊक नाही ते तिला ठाऊक आहे. घरातली एखादी चौकट काढून पाहावी : तो पाठमोरा बसलेला असतो, ती त्याच्याकडे तोंड करून बोलत असते, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय उमटले हे आपल्याला तिच्या चेहऱ्यावरून ताडावे लागते. त्या क्षणापुरती कथा तिच्या डोळ्यांतून चाललेली असते.

पूरक पात्राचे वजन जोखायला मी हीच कसोटी लावतो : वाचकाच्या तुलनेत त्याला अधिक माहीत आहे, तितकेच माहीत आहे, की कमी? लॉइस लेन ही सुपरमॅनबरोबरच जन्मली, जून १९३८ ही तारीख छापलेल्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात, आणि त्याच कथेत ती एका दांडगट गुंडाच्या थोबाडीत मारते, क्लार्क केंटला भित्रा ठरवते आणि टॅक्सीत बसून निघून जाते. एवढी तडफदार पत्रकार! पण क्लार्क हाच सुपरमॅन हे तिसरीतल्या मुलालाही ठाऊक असते आणि तिला नसते. त्यामुळे पुढची कित्येक दशके तिची सगळी हुशारी, वाचकाला जे पहिल्या पानावरच कळलेले आहे ते शोधण्यात खर्ची पडली. चश्म्याआडचा माणूस न ओळखणारी बातमीदार म्हणून तिची थट्टा झाली, पण तिला तसे ठेवणे ही कथाकारांची सोय होती. क्लार्कने तिला खरे सांगितले ते १९९१ मध्ये, आणि तेव्हापासून तिच्या संवादांचा पोत बदलला. ती आता प्रश्न विचारण्याऐवजी मते देऊ लागली, नवऱ्याच्या चुका काढू लागली, आणि कित्येकदा त्याच्याआधी धोका ओळखू लागली.

(जाता जाता : सुपरमॅनचे चित्रकार जो शूस्टर यांनी लॉइस रेखाटण्यासाठी जिला समोर बसवले त्या जोअ‍ॅन कार्टर यांनी १९४८ मध्ये सुपरमॅनचे लेखक जेरी सीगल यांच्याशी लग्न केले. कागदावरच्या लॉइसला मात्र मुख्य कथामालेत लग्नासाठी १९९६ पर्यंत थांबावे लागले.)

माझी सर्वांत आवडती बायको या कसोटीवर फ्लॅशची आयरिस. तीही पत्रकार. बॅरी अ‍ॅलनशी तिचे लग्न १९६६ च्या एका अंकात लागले, आणि आपणच फ्लॅश आहोत हे तिला सांगण्याचा धीर त्याला झाला तो लग्नाच्या पहिल्या वाढदिवशी. तेव्हा ती शांतपणे म्हणते की हे मला केव्हाच कळले आहे, कारण तू झोपेत बडबडतोस. जगातल्या सर्वांत वेगवान माणसाचे गुपित त्याच्या बायकोने वर्षभर पोटात ठेवले, तो स्वतः सांगेल याची वाट पाहिली, आणि याचा पत्ता ना त्याला होता, ना वाचकाला. तेव्हा डायना काय करते, या प्रश्नाला "तिला माहीत असते" हे उत्तर द्यावे. नात एवढ्यावर समाधान मानणार नाही असा माझा कयास आहे, आणि तिचेही बरोबरच असेल, कारण डायनाला पळवून नेण्याचे प्रसंग खरोखरच फार आहेत.

प्रश्न : स्पायडरमॅन आणि मेरी जेन यांचे लग्न सैतानाशी केलेल्या सौद्यात पुसून टाकले, हे वाचल्यापासून मला आणि माझ्या खोलीतील मित्राला राग आवरत नाही. लग्न नकोसे झाले होते तर सरळ घटस्फोट का दाखवला नाही?
एक विद्यार्थी, फर्ग्युसन महाविद्यालय रस्ता

उत्तर : तुमच्या रागात सहभागी होणारे लोक जगभर आहेत, आणि त्या कथेचे लेखक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनीही तिच्या शेवटाविषयी आपला मतभेद जाहीरपणे नोंदवला होता. प्रश्न मात्र केवळ एका सौद्याचा नाही.

दर महिन्याला अंक काढायचा आणि नायक म्हातारा होऊ द्यायचा नाही, या दोन अटींवर हा सगळा व्यवसाय उभा आहे. पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्याआडचा स्पायडरमॅन, १९६२ मध्ये शाळकरी मुलगा होता. खऱ्या वेळेने तो वाढला असता तर आज ज्येष्ठ नागरिक म्हणून बसमध्ये सवलत मागत असता. खलनायकांमुळे त्याचे वय वाढत नाही, कारण खलनायक हरतो, तुरुंगात जातो, सुटतो, आणि सगळे पूर्वपदावर येते. लग्नाचे तसे नाही. लग्न झाले की पहिला वाढदिवस येतो, मग दुसरा येतो. घरभाडे, नोकरी, सासरमाहेर, मूल हवे की नको, या प्रत्येक गोष्टीला तारीख असते. बायको कथेत आली की तिच्याबरोबर भिंतीवरचे कॅलेंडरही येते, आणि संपादकांना धास्ती असते ती त्या कॅलेंडरची. खुद्द मेरी जेनशी त्यांचे काही वैर नसते.

लग्न लागले तेव्हा थाट काय विचारता! जून १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बेसबॉलच्या सामन्याआधी वेषधारी नट-नट्यांनी तो सोहळा प्रत्यक्ष करून दाखवला, आणि लग्न लावणाऱ्याच्या भूमिकेत स्पायडरमॅनचे एक जनक स्टॅन ली स्वतः उभे होते. ते लग्न वीस वर्षे टिकले. मग २००७ च्या शेवटी संपलेल्या कथेत पीटरला लहानाचे मोठे करणाऱ्या, मृत्युशय्येवरच्या मे काकूंच्या प्राणांच्या बदल्यात मेफिस्टो हा सैतानी खलनायक पीटरकडे त्याचे लग्न मागतो, आणि ते झालेच नव्हते अशी व्यवस्था होते. घटस्फोटाचा पर्याय संपादक जो क्वेसाडा यांनी विचारात घेऊन नाकारला होता. त्यांचे म्हणणे असे की घटस्फोटित किंवा विधुर नायक विवाहित नायकापेक्षाही प्रौढ वाटतो. हिशेब म्हणून हे चूक नाही. पण सुपरहिरोने बायकोपासून कायदेशीरपणे वेगळे होणे अशोभनीय आणि सैतानाबरोबर करार करणे चालण्यासारखे, असा निर्णय एका कचेरीत टेबलाभोवती बसलेल्या शहाण्या माणसांनी घेतला असेल, याची कल्पना करताना मला अजूनही हसू येते. १९५४ च्या अमेरिकी कॉमिक्स आचारसंहितेने प्रेमकथांमध्ये घर आणि विवाह यांचे पावित्र्य राखावे असे बजावले होते. तेव्हापासून पावित्र्य राखण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे नायकाचे लग्नच होऊ न देणे, असे धोरण दिसते.

सुपरमॅनच्या बाबतीत तर याहून मोठा खटाटोप झाला. क्लार्कने १९९० मध्ये लॉइसला मागणी घातली, तिने होकार दिला, लेखकांनी लग्नाची तयारी केली, आणि तेवढ्यात दूरचित्रवाणीवर दोघांची नवी मालिका येऊ घातली. दोन्हीकडची लग्ने एकाच सुमारास व्हावीत असे ठरले आणि कॉमिकमधले लग्न लांबणीवर पडले. मोकळ्या झालेल्या महिन्यांत काय छापायचे, तर नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनलाच मारण्यात आले. मुहूर्त पुढे ढकलण्यासाठी नवरदेवाचा बळी दिल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. तो परत आला, १९९६ मध्ये लग्न लागले, २०११ च्या नव्या मांडणीत ते नाहीसे झाले, आणि २०१६ पासून मुख्य मालिकेत पुन्हा विवाहित सुपरमॅन, लॉइस आणि त्यांचा मुलगा जॉन दिसू लागले. म्हणजे पुसलेले लग्न परत लिहिता येते, हे तुमच्या मित्राला सांगा.

तरी पुसण्याने जे जाते ते नेमके काय, हेही पाहा. मेरी जेनचा चेहरा वाचकांना पहिल्यांदा दिसला १९६६ मध्ये, आणि तेव्हा ती नुसती उडतपगडी, पार्ट्यांत रमणारी मुलगी होती. १९८४ मध्ये उघड झाले की पीटर हाच स्पायडरमॅन हे ती जाणून होती, आणि पुढे तर असे दाखवले गेले की बेन काकांचा खून झाला त्याच रात्रीपासून जाणून होती. या एका खुलाशाने मागच्या अठरा वर्षांतील तिचे प्रत्येक हसणे, प्रत्येक टाळाटाळ, घाईघाईने घेतलेला प्रत्येक निरोप यांचा अर्थ बदलला. जुने अंक पुन्हा वाचावेत इतका बदलला. वरच्या उत्तरातील कसोटी लावली तर ती वाचकाच्या कितीतरी पुढे होती. असे पात्र घडायला अनेक लेखकांचे हात आणि दोन दशके लागतात. मला नुकसान वाटते ते या ऐवजाचे. लग्नाचा विधी गेला तर गेला.

वृत्तपत्रांतील स्पायडरमॅनच्या मालिकेत दोघे १९८७ पासून नवराबायको होते. तिनेही २००९ मध्ये लग्न मिटवून पाहिले, आणि काही महिन्यांतच ते सगळे स्वप्न होते असे सांगून संसार पूर्ववत सुरू केला. सकाळी चहाबरोबर पेपर वाचणाऱ्यांना नायकाचे लग्न झालेले चालत होते, एवढा निष्कर्ष त्यातून काढता येईल.

प्रश्न : सुपरहिरोच्या बायकोच्या नावाने स्वतंत्र कॉमिक निघाले आहे काय?
एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : निघाले आहे. १९५८ ते १९७४ या काळात लॉइस लेनच्या नावाची मालिका चालली आणि तिचे १३७ अंक निघाले. तेव्हा ती बायको नव्हती, आणि मुखपृष्ठावर तिच्या नावाआधी "सुपरमॅनची मैत्रीण" असे बिरूद छापलेले असे. २०१९ मध्ये ग्रेग रुका यांनी लिहिलेली बारा अंकांची मालिका आली तेव्हा ती सुपरमॅनची पत्नी होती आणि मुखपृष्ठावर नुसते "लॉइस लेन" होते.

प्रश्न : माझ्या मुलाच्या कपाटातून घेऊन मी 'आयडेंटिटी क्रायसिस' वाचले. त्यात एका सुपरहिरोच्या प्रेमळ, हसऱ्या बायकोचा सुरुवातीलाच खून होतो आणि उरलेली कथा पुरुष मंडळी शोक आणि तपास करण्यात घालवतात. मुलगा म्हणतो ही श्रेष्ठ कथा आहे. मला ती वाचून उबग आला. माझे वाचन कमी पडते आहे काय?
एक वाचक भगिनी, सदाशिव पेठ

उत्तर : आपले वाचन मुळीच कमी पडत नाही. ज्या पात्राविषयी आपण लिहिले आहे त्या सू डिब्नीला मी तिच्या जुन्या कथांमधून ओळखतो, आणि तिची ओळख असलेल्याला ते पुस्तक अधिकच बोचते.

सू १९६१ मध्ये फ्लॅशच्या एका अंकात आली. तिचा नवरा राल्फ डिब्नी, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा इलाँगेटेड मॅन, हा पहिल्या फळीतला नायक कधीच नव्हता. त्याचे वैशिष्ट्य हे की त्याने आपली ओळख लपवलीच नाही, त्यामुळे या घरात गुपित नावाची वस्तूच नव्हती. बाकीच्या कथांत नवरा बायकोशी खोटे बोलतो, खिडकीतून निसटतो, उशिरा येतो आणि सबबी सांगतो. हे दोघे मात्र एकत्र प्रवास करतात, हॉटेलात उतरतात, आणि कोठे काही रहस्य आढळले की राल्फचे नाक फुरफुरू लागते. सू श्रीमंत घरची, हजरजबाबी, आणि नवऱ्याच्या बढाया ऐकून घेऊन मग त्याला जमिनीवर आणणारी. खेळीमेळीचा संसार कॉमिकच्या पानावर रंगवता येतो, याचा तो एक दुर्मीळ पुरावा होता. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी जोडी म्हणजे चाचा चौधरी आणि लाटणे हाती घेतलेली बिनी चाची, अर्थात तेथे सगळा मामला विनोदाचा आहे.

२००४ साली ब्रॅड मेल्ट्झर यांनी लिहिलेल्या या सात अंकांच्या कथेत सूला मारले, ती गरोदर असल्याचे दाखवले, आणि पूर्वी कधीतरी एका खलनायकाने तिच्यावर अत्याचार केल्याचेही मागाहून जोडले. खुनी निघते ती जीन लोरिंग, म्हणजे अ‍ॅटम या दुसऱ्या नायकाची घटस्फोटित पत्नी, आणि हेतू काय, तर नायकांच्या घरच्या माणसांवर संकट आले की धास्तावलेला नवरा आपल्याकडे परत येईल हा. जीन ही १९६१ पासून वकील म्हणून दाखवलेली, अ‍ॅटमशी लग्न करण्याआधी आपली वकिली जमवण्याला महत्त्व देणारी बाई होती. तिची अशी वासलात लागलेली पाहून मला सूच्या मृत्यूइतकेच वाईट वाटले. एका कथेत दोन बायका खर्ची पडल्या, एक बळी म्हणून आणि दुसरी वेडसर खुनी म्हणून.

चिरंजीवांची बाजूही ऐकून घ्यावी. रहस्यकथा म्हणून ती बांधेसूद आहे, रॅग्ज मोरालेस यांनी काढलेले चेहरे बोलके आहेत, आणि अंत्यविधीच्या वेळी राल्फचा ताणला जाणारा चेहरा दुःखाने अक्षरशः ओघळतो ते चित्र विसरता येत नाही. पण लेखक गेल सिमोन यांनी १९९९ मध्येच, नायकाला हलवून सोडण्यासाठी मारल्या, छळल्या किंवा निष्प्रभ केल्या गेलेल्या स्त्री-पात्रांची मोठी यादी प्रसिद्ध करून याकडे लक्ष वेधले होते. त्यानंतर पाच वर्षांनी तोच मार्ग पुन्हा निवडला गेला. चिरंजीवांना एकच विचारून पाहा : सूविषयी त्या पुस्तकातून, ती कशी मेली आणि नवऱ्याचे तिच्यावर किती प्रेम होते हे सोडून, आणखी काय लक्षात राहिले?

प्रश्न : मी एक मराठी सुपरहिरो कॉमिक काढतो आहे. नायक शनिवार पेठेतील एका जुन्या वाड्यात राहतो, दिवसा प्रूफे तपासतो आणि रात्री शहराचे रक्षण करतो. त्याची उंची १८२ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, शक्ती म्हणजे त्याला भिंतीपलीकडचे ऐकू येते. बायको बँकेत नोकरीला आहे. मित्र म्हणतात की बायकोमुळे गती मंदावते, तिला काढून टाक. काय करावे?
एक तरुण चित्रकार, धायरी

उत्तर : मित्रांना काढता येत नसेल तर निदान त्यांचा सल्ला काढून टाका. तुमच्या पत्रातली सर्वांत कसदार गोष्ट ती बँकेतली नोकरीच आहे.

ग्रँट मॉरिसन यांनी १९८८ पासून लिहिलेला 'अ‍ॅनिमल मॅन' मिळवून वाचा. त्यातील बडी बेकर कॅलिफोर्नियातील एका उपनगरात बायको एलन आणि दोन मुलांसह राहतो, आणि एके दिवशी आपण पूर्ण वेळ सुपरहिरो व्हायचे असे ठरवतो. एलन व्यवसायाने चित्रकार आहे. घर बऱ्याच अंशी तिच्या कामावर चालते, त्यामुळे नवऱ्याच्या घोषणेवर ती जे बोलते त्याला पैशांचे वजन असते. महानायकपणाला पगार नसतो, ही साधी गोष्ट बहुतेक कॉमिक्स चतुराईने टाळतात. तुमच्या नायकाला प्रूफांचे किती मिळत असतील याचा अंदाज आम्हाला, या व्यवसायात असल्यामुळे, चांगला आहे. म्हणजे वाड्याचे भाडे, दूध, वीजबिल आणि नायकाच्या पोशाखाचे कापड हे सगळे बँकेतून येते. तिला हे माहीत आहे. त्यालाही माहीत आहे. या एका वस्तुस्थितीतून तुम्हाला वर्षभराचे अंक मिळतील, आणि त्यांतला एखादा अंक तरी मार्चअखेरीला घडवा, जेव्हा तीही रात्री उशिरा घरी येते आणि दोघेही एकमेकांची वाट पाहत नाहीत.

दुसरा मुद्दा वाड्याचा. अमेरिकी सुपरहिरो रात्री खिडकीतून उडून जातो आणि कोणाला कळत नाही, कारण तेथे शेजारी एकमेकांच्या दारात डोकावत नसावेत. शनिवार पेठेतील वाड्यात लाकडी जिना करकरतो, चौकात नळ असतो, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंना झोप कमी असते. येथे गुप्तता राखणे ही शक्ती नायकाच्या शक्तीपेक्षा मोठी आहे, आणि ती तुम्ही बायकोला द्यावी. एक पान कसे होईल ते सांगतो; पटले तर घ्या.

पहिली चौकट : सकाळ, गॅलरीतील नायलॉनच्या दोरीवर टॉवेल, परकर, लहान मुलाचा गणवेश, आणि त्यांच्यामध्ये चिमटे लावून वाळत घातलेला निळा पोशाख, त्यातून पाणी ठिबकते आहे. दुसरी : खालून काकू मान वर करून पाहतात. तिसरी : काकूंचा फुगा, "अगं, हे कोणाचं गं एवढं चकचकीत?" चौथी : बायको पिशवी खांद्याला लावून जिना उतरते आहे आणि न थांबता म्हणते, "नाटकाचं हो. ह्यांना बालनाट्यात घेतलंय, भरतला प्रयोग आहे." पाचवी, फक्त काकूंचा चेहरा : "अय्या! दोन पास मिळतील?" सहावीत बायको रस्त्यावर उभी आहे, बस समोर आहे, आणि ती बसकडे न पाहता विचार करते आहे. नवरा या पानावर कोठेही नाही. तो आत झोपला आहे, आणि भिंतीपलीकडचे ऐकू येणाऱ्या त्या माणसाने हे सगळे ऐकले की नाही, ते पुढच्या पानावर ठरवा. काकूंना पास मिळालेच पाहिजेत, म्हणजे भरत नाट्य मंदिरात खरोखर एखादा प्रयोग उभा करावा लागणार, आणि त्याच संध्याकाळी शहरावर संकट येणार. तुमच्या पहिल्या अंकाचे कथानक बायकोने जिन्यात मारलेल्या एका थापेतून सुरू झाले. गती मंदावली असे कोणी म्हणेल असे वाटत नाही.

तिला नवऱ्याचे गुपित पहिल्या पानापासून माहीत असू द्या. ते लपवण्याचा खेळ लॉइसच्या वाट्याला पुरेसा खेळून झाला आहे. उलट तिचे स्वतःचे एखादे गुपित असावे, जे वाचकाला आठव्या-दहाव्या अंकापर्यंत कळू नये, आणि भिंतीपलीकडचे ऐकणाऱ्या नवऱ्यालाही कळू नये, कारण ती ते बँकेतच ठेवून येते. तिला पळवून नेण्याचा प्रसंग पहिल्या वर्षात घालू नका. घालायचाच झाला तर पळवून नेणाऱ्याला मार्चअखेरचे काम अर्धवट टाकून आलेल्या बँक कर्मचाऱ्याशी गाठ पडली आहे, हे लक्षात असू द्या.

आणखी एक. पत्रात नायकाची उंची आहे, वजन आहे, पोशाखाचा रंग वेगळ्या कागदावर रंगवून जोडला आहे, वरच्या मजल्यावरच्या काकूंचेही आडनाव आहे. बायकोचे नाव पत्रात कोठेही सापडले नाही. पुढची पाने काढण्यापूर्वी ते ठरवा आणि आम्हालाही कळवा.